सुनील हरतो तेव्हा

१९९३च्या नोव्हेंबरात शाहरुख खानने पडद्यावर एका मुलीला प्रेमात पाडून इमारतीच्या गच्चीवरून खाली लोटलं. डिसेंबरात त्याने दुसऱ्याशी लग्न ठरलेल्या आणि पुढे झालेल्या मुलीचा फोनवरून, रक्त सांडेपर्यंत पिच्छा पुरवला. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच, याहून विकृत. 'बाजीगर', 'डर', 'अंजाम'. आणि यांच्या मधोमध, २५ फेब्रुवारी १९९४ला, कुंदन शाहांचा 'कभी हां कभी ना' आला. त्यात गोव्यातला सुनील ॲनावर जीव टाकतो, ॲनाचा जीव ख्रिसवर असतो, आणि शेवटी तिचं लग्न ख्रिसशीच होतं.

सुनील साधुसंत आहे म्हणून ही गोष्ट वेगळी ठरते, असं मात्र नाही. तो खोटं बोलतो, त्या दोघांत बिब्बा घालतो, परीक्षेत नापास झाल्यावर खोटी गुणपत्रिका बनवतो. 'डर'मधला राहुल आणि सुनील निघतात एकाच ठिकाणाहून: ती माझीच, तिला अजून कळलेलं नाही एवढंच. पण राहुलला अडवायला नायकाची मारामारी लागते. सुनीलचं पितळ मित्रांसमोर उघडं पडतं, ते त्याला बँडमधून काढून टाकतात, आणि त्याला लाज वाटते. नायकाला लाज वाटणं ही त्या वर्षातली दुर्मीळ गोष्ट होती. 'डर' पाहताना थिएटरांतून सहानुभूती राहुलच्या वाट्याला आली होती, हे विसरून चालणार नाही.

हिंदी सिनेमाला एकतर्फी प्रेम नवं नव्हतं. बरुआंच्या १९३५च्या 'देवदास'पासून त्याची रीतच ठरून गेली होती: ज्याला ती मिळाली नाही त्याने पिऊन मरावं, नाहीतर 'संगम'सारखं मित्रासाठी स्वतःला संपवावं. नकार पचवून दुसऱ्या दिवशी दात घासायला उठणारा नायक जवळजवळ नव्हताच. हा उठतो.

असा माणूस कुंदन शाहांनाच सुचावा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा दिग्दर्शक १९८३च्या 'जाने भी दो यारों'नंतर अकरा वर्षांनी मोठ्या पडद्यावर परतत होता. मधल्या काळात त्यांनी दूरदर्शनसाठी 'नुक्कड' आणि 'वागळे की दुनिया' केलं. वागळे झालेले अंजन श्रीवास्तव इथे सुनीलचे वडील आहेत, आणि मुलगा पास झाला या समजुतीने त्यांना झालेला आनंद पाहवत नाही. मला तर ॲनाच्या नकारापेक्षा ती खोटी गुणपत्रिकाच जास्त टोचते. ती लबाडीही शेवटी सुनील स्वतःच कबूल करतो.

गोवाही वेगळा आहे. 'बॉबी'तल्या ब्रॅगान्झापासून हिंदी पडद्यावरचा गोवेकर म्हणजे बाटली आणि आरडाओरडा. इथे नसीरुद्दीन शाहांचा फादर ब्रॅगान्झा सुनीलचा जवळचा माणूस आहे. बँडमध्ये पुढे दिग्दर्शक झालेला आशुतोष गोवारीकर इम्रान म्हणून दिसतो. सुनील ख्रिस्ती नाही याचा बाऊ ॲनाच्या घरात कोणी करत नाही. (सगळे हिंदीतच बोलतात, ते सोडा.) या पोरासोरांची गाणी लिहिणारे मजरूह सुलतानपुरी तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

तिकीटबारीवर चित्रपट 'बाजीगर'च्या पंगतीत बसला नाही. फिल्मफेअरने मात्र एकाच समारंभात शाहरुखला 'बाजीगर'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि 'कभी हां कभी ना'साठी समीक्षकांचा पुरस्कार दिला. लोकांचा एक, जाणकारांचा एक. पुढच्याच वर्षी 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला आणि हरणाऱ्या शाहरुखची गरज बराच काळ कोणाला भासली नाही.

ॲना स्वतः थोडी अपुरी लिहिली गेली आहे, ही माझी जुनी तक्रार. तिला ख्रिस का आवडतो हे सिनेमा फारसं सांगत नाही. पण कदाचित सांगायची गरजही नसावी. आवडतो, एवढं पुरे.

शेवटी एकट्या पडलेल्या सुनीलला एक अनोळखी मुलगी भेटते. पाहुणी कलाकार म्हणून आलेली ती जुही चावला. दोनच महिन्यांपूर्वी 'डर'मध्ये याच माणसाच्या फोनला घाबरणारी किरण तीच होती. इथे ती हसून त्याच्याशी बोलते.