एसी बसवताना नळीतील हवा काढणे का आवश्यक? हैदराबाद आणि पणजीत गेजचा अर्थ का बदलतो?

स्प्लिट वातानुकूलन यंत्र, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील एसी, भिंतीवर टांगून झाला की काम संपले असे ग्राहकाला वाटते. वास्तविक यंत्राचे आयुष्य ठरवणारे काम त्यानंतर सुरू होते. घरातील आणि बाहेरील भाग जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकणे, हे ते काम. दख्खनच्या पठारावरील हैदराबादमध्ये हे काम पूर्ण झाल्याची खूण म्हणून गेजवर जो आकडा दिसतो, तोच आकडा किनाऱ्यावरील पणजीत दिसला, तर काम अपुरे राहिलेले असते.

हवा येते कोठून?

नव्या एसीच्या बाहेरील भागात शीतक वायू कारखान्यातूनच भरलेला असतो आणि त्याच्या झडपा बंद असतात. घरातील भाग व जोडनळ्या यांत मात्र जोडणीच्या वेळी साधी हवा शिरते. ही हवा शीतकाप्रमाणे द्रवरूप होत नाही. ती बाहेरील भागात साचून राहते, दाब वाढवते आणि कॉम्प्रेसरला अधिक श्रम करायला लावते. परिणामी वीज जास्त लागते व गारवा कमी मिळतो.

हवेतील बाष्प त्याहून घातक. शीतक ज्या अरुंद मार्गातून पसरतो, तेथे या बाष्पाचा बर्फ होऊन मार्ग तुंबू शकतो. आर-३२ व आर-४१०ए या वायूंच्या यंत्रांत सामान्यतः वापरले जाणारे कृत्रिम तेल पाणी चटकन शोषून घेते. पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन आम्ल तयार होते आणि ते कॉम्प्रेसरच्या वेटोळ्यांवरील लेप खाते. हा बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही. काही काळाने कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा जोडणीच्या दिवसाची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

गॅस सोडून हवा काढण्याची जुनी रीत

पूर्वी आर-२२ वायूच्या एसीत एक सोपी युक्ती सर्रास वापरली जाई. बाहेरील भागाची एक झडप किंचित उघडायची, आतील वायूला नळीतून धावू द्यायचे आणि दुसऱ्या टोकाच्या सैल ठेवलेल्या नटातून हवा बाहेर ढकलायची. काही सेकंदांत काम उरके. या रीतीने बरीचशी हवा जाते. परंतु नळीच्या आतील भिंतीला चिकटलेला ओलावा जात नाही. शिवाय भरलेल्या वायूचे प्रमाण घटते.

आता ही युक्ती धोक्याचीही झाली आहे. आर-२२ पेट घेत नसे. आज सर्वत्र आढळणारा आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. गोदरेजने २०१२ पासून भारतात आणलेल्या एसींमधील आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. बंद खोलीत असा वायू मोकळा सोडणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. पर्यावरणाचा हिशेबही लहान नाही. आर-३२ ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट मानली जाते. म्हणजे केवळ ५० ग्रॅम वायू सोडला, तर तो सुमारे ३४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो.

योग्य क्रम

प्रथम नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांधे साबणाच्या पाण्याने तपासले जातात. या चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये; दाबाखालील ऑक्सिजन आणि तेल यांच्या संयोगाने स्फोट होऊ शकतो. त्यानंतर बाहेरील भागाच्या झडपा बंदच ठेवून व्हॅक्यूम पंप लावला जातो. दाब पुरेसा घटला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळते आणि वाफ होऊन पंपावाटे बाहेर पडते. ३० अंश सेल्सिअसला त्यासाठी दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटरच्या खाली जावा लागतो. प्रत्यक्षात उद्दिष्ट बरेच पुढचे, म्हणजे ५०० मायक्रॉन किंवा अर्धा मिलिमीटर, ठेवले जाते.

मग पंपाकडील झडप बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. दाब थोडा चढून स्थिरावला, तर आत ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला, तर कोठेतरी गळती आहे. दाब टिकून राहिला, तरच शीतकाच्या झडपा उघडायच्या.

एकच आकडा, दोन अर्थ

साधे गेज आतील दाबाची तुलना सभोवतालच्या हवेशी करते. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाबच पाऱ्याच्या सुमारे २८ इंचांइतका असल्याने, पूर्ण निर्वात झाले तरी सुई उणे २८ च्या आसपास थांबते. उणे ३० ची वाट पाहणारा तंत्रज्ञ विनाकारण पंपाला दोष देईल.

पणजीत हवेचा दाब ३० इंचांच्या जवळ असतो. तेथे सुई उणे २८ वर थांबली, तर नळीत अद्याप ४५ ते ५० मिलिमीटर दाब शिल्लक आहे. ३० अंशांना इतक्या दाबाखाली पाणी उकळतच नाही. हैदराबादेत शिकून आलेला कारागीर त्याच आकड्यावर समाधान मानून पंप बंद करील, तर ओलावा आतच राहील. उन्हाळ्यात हैदराबादची दुपारची हवा कोरडी असते, गोव्याची दमट. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना एका घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ४० अंश आणि २० टक्क्यांना अवघे १० ग्रॅम. त्यातच पावसाळ्याच्या तोंडावर नळ्यांची तोंडे उघडी पडून राहिली, तर भर पडते ती वेगळीच.

या फरकावर उपाय म्हणजे मायक्रॉन गेज. ते सभोवतालच्या हवेशी तुलना न करता आतील दाब थेट मोजते. त्यामुळे ५०० मायक्रॉनचा अर्थ दोन्ही शहरांत एकच राहतो.

ग्राहकाने काय पाहावे?

एसी बसवायला येणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे. पंप पंधरा-वीस मिनिटे तरी चालला पाहिजे आणि त्यानंतरची प्रतीक्षाही झाली पाहिजे. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. ‘थोडा गॅस सोडून हवा काढतो’ असे उत्तर मिळाल्यास काम थांबवावे. जुना एसी नव्या घरी हलवतानाही हीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते. त्या वेळी वायू बाहेरील भागात ओढून घेताना सैल सांध्यातून हवा आत गेली, तर ती तेलासह दाबली जाऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून वायू ओढून होताच कॉम्प्रेसर बंद करावा आणि नळ्या त्यानंतरच सोडवाव्यात.