तान्ह्या पोळ्याचे कूळ

वर्धा जिल्ह्यात पोळा एका दिवसात संपत नाही. श्रावणातल्या अमावास्येला मोठा पोळा होतो, तो खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पाडव्याला, तान्हा पोळा येतो आणि तो लेकरांचा असतो. चाकांवर उभा केलेला लाकडी नंदी, त्याच्या कपाळाला बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू आणि पुढे ओढायला दोरी. संध्याकाळी हे नंदी देवळासमोर ओळीने लागतात. मग लेकरे ते घरोघर नेतात. तिथे नंदीला कुंकू लागते, त्याला ओवाळले जाते आणि लेकराच्या हातावर बोजारा पडतो. कुठे नाणे, कुठे नोट, कुठे खाऊ. ज्याला अजून पाऊल टाकता येत नाही तेही या मेळ्यात असते, आईच्या नाहीतर आजीच्या कडेवर, मुठीएवढा नंदी छातीशी धरून. या सणाचा उगम विचारला की बहुतेकदा एकच उत्तर मिळते: नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी तो सुरू केला. मला हे उत्तर अपुरे वाटते. राजाने सणाला मिरवणूक दिली असेल, थाट दिला असेल. पण त्याचे मूळ आईच्या व्रतात आणि पावसाळ्यात लेकरू दगावण्याच्या भीतीत आहे, असे मानायला बरेच आधार आहेत.

राजाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दुसरे रघुजी 1788 ते 1816 नागपूरच्या गादीवर होते आणि आजचा वर्धा जिल्हा त्यांच्याच मुलखात होता. तो नागपूरपासून वेगळा झाला थेट 1862 मध्ये. नागपूरच्या महालातला भोसल्यांचा मोठा लाकडी नंदी आजही तान्ह्या पोळ्याला बाहेर निघतो. शिवाय बैल हा त्या राज्याचा जिव्हाळ्याचा विषय होता. वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात वाढलेली गवळाऊ ही पांढरी, चपळ जात मराठ्यांच्या फौजांच्या वेगवान गाड्यांसाठी जोपासली गेली, असे सांगितले जाते. अशा राज्यात मुलांनाही बैलाचा लळा लागावा म्हणून राजाने लाकडी बैलांचा पोळा भरवला, हे सहज पटण्यासारखे आहे. सणाचा पसाराही याला दुजोरा देतो. तान्हा पोळा मुख्यतः पूर्व विदर्भाचा. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला तो समजावूनच सांगावा लागतो.

पण हाच पसारा जरा पुढे नेऊन पाहिला की अडचण उभी राहते. छत्तीसगडही भोसल्यांच्याच सत्तेखाली होते. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. तिथेही याच अमावास्येला ‘पोरा’ होतो आणि मुले चाकांचे बैल ओढतात. पण ते बैल मातीचे असतात, कुंभाराने भाजलेले. ते निघतात पोळ्याच्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. आणि त्यांच्यासोबत मुलींसाठी जाते-चुलीची मातीची भातुकली असते. राजाच्या हुकमाने सण पसरला असता तर त्याचे लाकूड, त्याचा दिवस, त्याची मिरवणूक हे सगळे सोबत गेले असते. तिथे फक्त लेकराच्या हातातला बैल सापडतो आणि बाकी सगळा मांड वेगळा दिसतो. दक्षिणेकडे वळले तर नागपूरकर भोसल्यांचा संबंधच संपतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या बेंदराला घरोघरी मातीचे बैल पुजतात, आणि उत्तर कर्नाटकात ज्येष्ठातल्या अमावास्येचे नावच मातीच्या बैलांवरून पडले आहे. बैलाची मूर्ती करून ती घरात आणणे ही दख्खनची फार जुनी सवय आहे. चाकांवरच्या जनावराची कल्पना तर त्याहून जुनी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये तांब्याच्या वस्तू सापडल्या. त्यांत बैलजोडी जुंपलेला रथ होता आणि चाकांच्या बैठकीवर उभे असलेले प्राणीही होते. ती मुलांची खेळणी खचितच नव्हती, एवढी ती जड आहेत. पण जनावराला चाके लावायला या भूमीला अठराव्या शतकाची वाट पाहावी लागली नाही, इतके त्यावरून कळते.

मग या सणात खास आपले असे काय उरते? नाव आणि दिवस. मला वाटते कुळाचा पत्ता या दोहोंत आहे. नाव ‘बाल पोळा’ किंवा ‘लहान पोळा’ असे रूढ झाले नाही. ‘तान्हा’ असे झाले. मराठीत तान्हे म्हणजे अंगावर पिणारे. हा शब्द पाळणा आणि गोठा दोन्हीकडे सारखाच वावरतो: तान्हे बाळ, तान्हे वासरू, आणि नुकती व्यालेली ती तान्ही गाय. शाळेत जाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोराला कुणी तान्हे म्हणत नाही, तरी त्याच्या सणाला मात्र म्हणतात. याचा अर्थ, नाव पडले तेव्हा डोळ्यांपुढे अगदी लहान, अजून आईपासून न सुटलेले मूल होते. नांगर धरण्याची तालीम म्हणून हा सण निघाला असे मानणाऱ्यांना या नावाचे उत्तर द्यावे लागेल. शेतीचे शिक्षण त्यात आहेच. मोठ्या पोळ्यात काय काय होते ते लेकरू इथे हाताने करून शिकते. पण कडेवरच्या जिवाला कसली तालीम? त्याला तिथे नेण्यामागे दुसरेच काही हवे.

ते दुसरे काही दिवसाच्या पोटात आहे. मोठ्या पोळ्याची अमावास्या हीच पिठोरी अमावास्या. बैल तोरणाखाली उभे असतात त्याच दिवशी घरातली आई लेकरांच्या आयुष्यासाठी व्रत धरते आणि चौसष्ट योगिनींची पूजा करते. या व्रताची कहाणी आपल्याकडच्या कहाण्यांत फार करुण आहे. दर श्रावणी अमावास्येला, घरात सासऱ्याच्या बापाचे श्राद्ध चालू असताना, सून बाळंत होते आणि मूल जाते. सहा वर्षे हेच घडते. सातव्या खेपेला तिला मेलेले मूल ओटीत देऊन घराबाहेर काढतात. रानात योगिनींची गाठ पडते आणि तिची सगळी लेकरे जिवंत होतात. त्या व्रताचा विधी पाहण्यासारखा आहे. आई खीरपुरीचे वाण डोक्यावर धरते, मागे न पाहता अतिथी कोण म्हणून विचारते, आणि मागे उभे असलेले लेकरू मी आहे म्हणत ते घेते. म्हणजे आपले मूल हाच त्या दिवशीचा पाहुणा. आणि ते जिवंत असल्याची खूण म्हणजे त्याने दिलेला आवाज.

दुसरी पहाट याला जोडून आहे. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात. पाडव्याच्या पहाटे ते उचलून, खोकला, ताप, डास, सगळी रोगराई घेऊन जा असे मारबतीला ओरडून सांगत, गावाच्या शिवेबाहेर टाकतात. नागपूरच्या काळ्या-पिवळ्या मारबतींच्या पुतळ्यांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. खेड्यातल्या मेढ्यांना मात्र कुणी संस्थापक नाही. आता तिन्ही गोष्टी ओळीने ठेवा. अमावास्येला आई लेकराचे आयुष्य मागते. पहाटे गाव रोगराई शिवेबाहेर काढते. आणि त्याच संध्याकाळी गावातली सगळी लेकरे, अंगावर पिणाऱ्यांसह, नवे कपडे घालून बाहेर येतात, दारोदार जातात, आणि प्रत्येक घर त्यांना ओवाळते. घरातल्या पाहुण्याला आता गाव पाहुणा मानते. माझ्या मते तान्हा पोळा म्हणजे पावसाळ्याच्या उतरणीला केलेली लेकरांची हजेरी आहे. या वर्षी किती जण राहिले, ते सगळ्यांनी मिळून पाहण्याची संध्याकाळ.

आजच्या आईबापांना हे जास्त गडद वाटेल. पण जुने आकडे आठवावेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांतात जन्मलेल्या हजार बालकांमागे दोनशेहून अधिक वर्षाच्या आत दगावत. म्हणजे पाचातले एक. खेड्यात हगवण, हिवताप आणि छातीचे दुखणे यांचा जोर पावसाळ्यात असे. नदी-नाल्याचे गढूळ पाणी, ओल धरलेल्या भिंती, आणि निंदणीला दिवसभर वावरात असलेली आई. सेवाग्रामला स्त्रिया आणि बालकांसाठी लहानसा दवाखाना सुरू झाला तो 1945 च्या सुमारास, डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनी. त्याचेच पुढे मोठे कस्तुरबा रुग्णालय झाले. त्याआधी जिल्ह्यातल्या बहुतेक आयांजवळ पिठोरीचे वाण आणि पळसाचे मेढे यांपलीकडे फारसे काही नव्हते. अशा ठिकाणी भाद्रपद गाठलेले लेकरू मिरवावेसे वाटणे अगदी साहजिक आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पिठोरी, मारबत आणि तान्हा पोळा शेजारी आले म्हणून त्यांचे नाते ठरत नाही; राजाने पोळ्याचा दुसरा दिवस केवळ सोय म्हणून निवडला असेल. मोठ्या पोळ्यात बैल बुजतात, पोळा फुटताना धावाधाव होते, तिथे लहान मुले नकोत. ही सोय मी नाकारत नाही. पण सोयीने फक्त वेगळा दिवस का, एवढेच कळते. तान्हे हे नाव, कडेवरची बाळे आणि दारोदारचे ओवाळणे यांचा उलगडा तिने होत नाही. बोजाराच पाहा. मोठ्या पोळ्याला बैल घेऊन दारात आलेल्या सालगड्याला बोजारा देतात. तो मान दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा लेकराला मिळतो. खाऊ द्यायला नंदीची गरज नव्हती. पण मान द्यायचा तर लेकराने बैलाचा धनी म्हणून दारात यायला हवे होते. ज्याच्या घरी दावणीला एकही जनावर नाही त्याच्या लेकराचाही नंदी त्या संध्याकाळी ओवाळला जातो, ही या सणाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

लेकराच्या वाढीची मापेही या लाकडी बैलावर नोंदली जातात. पहिल्या वर्षी नंदी फक्त हातात असतो, बऱ्याचदा तोंडात. पांगूळगाडा ढकलायचा असतो, त्याचा आधार मिळतो. नंदी ओढायचा असतो, त्याचा आधार मिळत नाही. म्हणून ज्या वर्षी दोरी धरून मागे वळून न पाहता मूल चालू लागते, त्या वर्षी ते खरे चालायला लागले असे समजावे. मग बेगड स्वतः चिकटवण्याचा हट्ट येतो, मग धाकट्यासाठी नंदी सोडून देण्याचे वर्ष येते, आणि एके वर्षी मोठ्या पोळ्यात खऱ्या बैलाचा कासरा हातात येतो. आता तो कासरा दुर्मीळ होत चालला आहे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या कमी झाल्या, आणि मोठा पोळा आक्रसत असताना तान्हा पोळा मात्र वेशभूषा आणि बक्षिसांसह फुगत गेला. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचे प्रचंड नंदी पाहायला दुरून माणसे येतात. ते ओढायला मोठी माणसे लागतात. तो थाट राजाच्या बाजूचा आहे आणि देखणा आहे. पण त्याच गर्दीच्या कडेला आई उभी असते, तिच्या कडेवर आठ महिन्यांचे बाळ असते, आणि त्याच्या मुठीत चाके निखळलेला, थोरल्या भावंडाकडून आलेला नंदी असतो. बोजारा देणारा हात आधी त्या नंदीला कुंकू लावतो, मग बाळाच्या कपाळाला.