वऱ्हाडच्या भूमीतून निघालेल्या मूर्ती

धामणगाव रेल्वेच्या पूर्वेस वर्धा नदीपलीकडे पवनार आहे आणि पश्चिमेस, त्याच लोहमार्गावरील मूर्तिजापूरच्या तालुक्यात, राजनापूर खिनखिनी. दोन्ही गावांच्या भूमीने प्राचीन मूर्ती दिल्या, परंतु त्यांच्या वाट्याला आलेले पुनर्जीवन अगदी वेगळे होते.

धाम नदीकाठचे पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व विष्णुभक्त होती, आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मिळालेला तिचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र, रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामगिरीवरील देवाच्या, पादमूलाचा (चरणांचा) उल्लेख करतो. त्यामुळे पवनारला रामकथेची शिल्पे सापडावीत यात नवल नाही. नवल आहे ते वेगळेच. विनोबा भावे यांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा वनवासी राम आणि घरी राहूनही तपस्वी झालेला भरत यांच्या भेटीचे चित्र कोणी काढावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. 1938 मध्ये ते पवनारला राहावयास आले आणि तेथील जमीन खणताना भरत-राम भेटीचे मानले जाणारे शिल्प हाती आले. अभ्यासकाला जे पाचव्या शतकाचा पुरावा वाटते, ते विनोबांना आराध्य वाटले, आणि त्याची त्यांच्या तेथील आश्रमातच स्थापना झाली.

मेहकरला 1888 मध्ये निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्तीही अशीच पूजेत गेली. वऱ्हाडी मनाचा कल बहुधा देवळाकडेच होता.

राजनापूर खिनखिनीच्या जैन कांस्यमूर्तींचे तसे झाले नाही. अशा मूर्ती घडवण्याच्या रीतीला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात: मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, साचा तापवून मेण वितळून जाऊ द्यावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती दिली आहे. पण ती हाताने करणाऱ्या ओतारींची नावे मूर्तींनी क्वचितच सांभाळली. खिनखिनीच्या या मूर्ती विसाव्या शतकात उजेडात आल्या, तेव्हा 1903 पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारात गेलेले असल्याने, त्या 1863 मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, लोकांच्या भाषेत ‘अजब बंगल्यात’, जमा झाल्या.