अवतरणातील ‘अ’

परीक्षेतील श्रेणी लिहिताना इंग्रजी लेखक अक्षरापूर्वी अनिश्चित उपपद योजतो, आणि ते लिपीवर नव्हे, उच्चारावर ठरते. म्हणून ‘एफ’ या व्यंजनापूर्वीही ‘ॲन’ येते. अवतरणचिन्हांची गरज त्याला सहसा भासत नाही, कारण मोठे अक्षर ते काम करते. मराठीत नेमके उलट घडले: उपपद नाही, अवतरण आहे. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. शिवाय उघडा ‘अ’ नामापूर्वी येताच नकाराचा उपसर्ग वाटू लागतो. ‘अ’ श्रेणी आणि अश्रेणी यांमधले अंतर दोन चिन्हांनी राखले आहे.

ही चिन्हे मराठीत जुनी नाहीत. मोडी लेखनात शब्दही सुटे नसत. मेजर कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. मात्र चिन्ह नव्हते म्हणून जाणीव नव्हती, असे मानणे चुकीचे ठरेल. शब्द अर्थासाठी आला की स्वतःच्या रूपासाठी, हा भेद पाणिनीने (१.१.६८) सूत्रबद्ध केला होता. संस्कृतात ‘इति’, मराठीत ‘असे’, ‘म्हणून’ ही उद्धरणदर्शक पदे होती. वर्णाचा निर्देश करण्यासाठी ‘अकार’, ‘ककार’ होते. तरीही ‘अकार श्रेणी’ असे कोणी लिहिले नाही, आणि याचे कारण मला महत्त्वाचे वाटते.

हा ‘अ’ मुळी आपल्या वर्णमालेतला नाही. अमेरिकेतील माउंट होल्योक महाविद्यालयाने १८९७ मध्ये ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरश्रेणी स्वीकारली; ‘ई’ म्हणजे अनुत्तीर्ण. महाराष्ट्रात २०१० च्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात श्रेण्या आल्या त्या अ-१, अ-२, ब-१, ब-२, क-१, क-२, ड, इ-१, इ-२. स्वरानंतर ओष्ठ्य, मग कंठ्य, मग मूर्धन्य, आणि शेवटी पुन्हा स्वर! हिंदीने निदान ‘क, ख, ग’ हा स्वतःचा क्रम अनेक ठिकाणी राखला. आपण रोमन क्रमालाच देवनागरी वेष दिला. वर्णमालेत तिसरा असलेला ‘इ’ त्यामुळे गुणपत्रिकेत तळाशी गेला. कँडींच्या चिन्हांचे मूळ काम परक्याचे बोलणे वेगळे दाखविणे हे होते. येथे ती नकळत तेच करीत आहेत.

उपपदाची उणीव मराठीने क्रियापदावर सोपविली आहे. ‘श्रेणी’ अध्याहृत असेल तर ‘अ मिळाली’, आणि अक्षर हीच वस्तू झाली की ‘अ मिळाला’. विद्यार्थी बहुधा दुसरे म्हणतात, तेही ‘ए मिळाला’ असे.