न पुसता येणारी वही

मागच्या व्याख्यानानंतर इथल्याच, नरसीच्या एका तरुणानं आम्हाला विचारलं होतं, "सर, सातबारा ब्लॉकचेनवर टाकला की तलाठी-तहसीलची गरजच संपेल ना?" लोक हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजचं बोलणं त्याच्यासाठी.

नरसीत हा प्रश्न निघाला हे बरंच झालं. नामदेवरायांचे अभंग शेकडो वर्षं कोणत्याही एका कपाटात नव्हते. कीर्तनकारांच्या बाडांत होते, वारकऱ्यांच्या तोंडी होते. एक बाड वाळवीनं खाल्लं तरी अभंग दुसऱ्या गावात शिल्लक राहायचा. मधे मालक कुणी नाही आणि प्रती सगळीकडे. आज इंजिनिअर मंडळी 'विकेंद्रित' म्हणतात ते हेच. शिवाय शेवटच्या चरणात 'नामा' ही नाममुद्रा, म्हणजे सहीसुद्धा आहे. तरीही घोटाळा झालाच. पुढच्या काळात विष्णुदास नामा आणि आणखी काही कवी झाले, त्यांच्या रचना त्याच गाथेत मिसळल्या, आणि कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हे अभ्यासक अजून निवडत बसले आहेत. प्रती हजार असल्या तरी त्या एवढंच सांगतात की असं लिहिलेलं होतं. कुणी लिहिलं, ते खरं की खोटं, याबद्दल त्या मुक्या असतात. उलट गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्या ग्रंथाची पहिली संहिता गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध करवली. तिथं पाठ ठरला, कारण तो ठरवण्याचा अधिकार समाजानं कुणाला तरी दिला होता. (जन्मस्थान नरसी की पंढरपूर, हाही वाद आहे. पण इथं बसून तो उकरण्याचं धाडस आमच्यात नाही.)

आता ब्लॉकचेन. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावानं एक निबंध आला. ही पण नाममुद्राच बरं का, माणूस कोण ते आजवर सिद्ध झालेलं नाही. कल्पना साधी आहे. वहीच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते. मधल्या पानावर खाडाखोड केली की पुढच्या सगळ्या खुणा चुकतात आणि चोरी उघडी पडते. वहीच्या प्रती हजारो संगणकांवर. करामत आहे, आम्ही मान्य करतो. पण पुढे लोकांनी यावर केवढा तरी इमला चढवला. २०१४ साली गॅव्हिन वूड यांनी 'वेब ३' हा शब्द आणला आणि म्हणू लागले की आता सगळं इंटरनेटच असं होणार, मधला मालक जाणार.

हे स्वप्न आम्ही एकदा पाहिलेलं आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हाही आम्हाला हेच सांगितलं होतं की याला केंद्र नाही, राजा नाही. ते खोटं नव्हतं. ईमेलची रचना आजही अशी आहे की कुणीही स्वतःचा सर्व्हर चालवावा. चालवतं कोण? सगळे दोन-चार कंपन्यांच्या दारात. पासवर्ड विसरला तर परत मिळवून देणारं कुणीतरी माणसाला हवं असतं, म्हणून मधला माणूस मागच्या दारानं येतो. ब्लॉकचेनचंही तेच झालं. लोकांनी आपली नाणी आपल्याकडे न ठेवता एक्स्चेंजकडे ठेवली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात एफटीएक्स बुडालं.

आणि न बदलणारी वही खरंच बदलत नाही का? जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या 'द डाओ' नावाच्या निधीतून कुणीतरी कोडमधली फट शोधून ३६ लाख ईथर काढून घेतले. नियम म्हणजे कोड, असं सांगणारी हीच मंडळी. पण जुलैत बहुतेकांनी मिळून इतिहास बदलायचा ठरवला आणि ते पैसे परत फिरवले. ज्यांना पटलं नाही ते जुनी वही घेऊन वेगळे झाले, तिला इथेरियम क्लासिक म्हणतात. आम्हाला यात वाईट काही दिसत नाही. फक्त, निर्णय माणसांनी घेतला एवढं कबूल करा.

लांब कशाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीला जाऊ. २०२२ साली तिथल्या उपविभागात सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचा उपक्रम निघाला. हेतू चांगला. बनावट कागद लगेच ओळखू यावा. पण कार्यालयानंच चुकीच्या पुराव्यावर दाखला दिला असेल तर? मग जात पडताळणी समितीच लागते, आणि तिला तो रद्द करता यावा लागतो. आपल्या मराठवाड्यात २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हा खरं काम जुनी कागदपत्रं वाचण्याचं होतं. उर्दू आणि मोडी वाचणारा माणूस कोणत्या साखळीतून आणणार?

आता घरची गोष्ट. वडील १९८४ साली गेले. वारसाचा फेरफार झाला, त्यात आम्हा तिघा भावांची नावं लागली. अक्काचं लागलं नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, तिचा हक्क होता, आणि आम्ही तेव्हा कॉलेजात न्यायाची संकल्पना शिकवत होतो. कुणी लाच दिली नाही, कुणी पान फाडलं नाही. वारस कोण म्हणून विचारलं, आम्ही तीन नावं सांगितली. अक्काला चोळीबांगडी करतोच की, असं घरात म्हणायचे. ती नोंद ब्लॉकचेनवर असती तर हजारो संगणकांनी आमचं खोटं इमानेइतबारे जपलं असतं.

तरुण मित्र म्हणतील, सर, दुरुस्तीचं नवं पान जोडता येतं. येतं ना! पण ते जोडायचा अधिकार कुणाला? म्हणजे तहसीलदार परत आलेच. आपला जमीन महसूल कायदा या बाबतीत आम्हाला जास्त शहाणा वाटतो. त्याचं १५७ वं कलम नोंदीला खरं म्हणत नाही, उलट सिद्ध होईपर्यंत खरं मानावं असं म्हणतं.

अक्काचं नाव २०१२ साली लागलं. आम्ही तिघे तहसीलमध्ये जाऊन उभे राहिलो, चूक आमची असं लिहून दिलं. साहेबांनी जुना फेरफार मागवला, वाचला आणि अक्काला विचारलं, "एवढी वर्षं का आला नाहीत?" ती म्हणाली, "यांनी बोलावलं नाही."

चला, आता प्रश्न घेऊ. तो मुलगा आलाय का आज?