पूररेषा

पूररेषा : ठरावीक प्रमाणाचा पूर आला असता नदीचे पाणी दोन्ही काठांवर जेथपर्यंत पसरेल, ती मर्यादा नकाशावर दाखविणारी रेषा. पूर अडविण्यापेक्षा त्याच्या वाटेतील जमिनीचा वापर आधीच ठरवून द्यावा, या विचारावर ती आधारलेली आहे. नैसर्गिक आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठी प्रादेशिक नियोजनात जी साधने वापरली जातात, त्यांपैकी हे आखायला सोपे आणि पाळायला बहुधा सर्वांत अवघड साधन होय.

केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठविले. मणिपूर (१९७८), राजस्थान (१९९०) व उत्तराखंड (२०१२) यांसारख्या थोड्याच राज्यांनी त्यावरून कायदे केले. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा न करता पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकाचा आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील योजनांचा आधार घेतला. त्यानुसार सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल अशा दोन रेषा आखतात. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या व लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र मानला जातो. निषिद्ध क्षेत्रात शेती, उद्याने, मैदाने असे मोकळे वापर अपेक्षित असतात.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने फार गैरसमज होतो. एकदा येऊन गेलेला पूर पुढील ९९ वर्षे येणार नाही, असा त्याचा अर्थ नसून तेवढा किंवा त्याहून मोठा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढेच त्यातून सांगायचे असते. ही शक्यता वर्षानुवर्षे साचत जाते. त्यामुळे लाल रेषेवरच्या घरात पाणी शिरण्याची शक्यता ३० वर्षांच्या काळात सुमारे २६ टक्के, तर निळ्या रेषेवरच्या घरात सुमारे ७० टक्के होते. घराच्या कर्जाची मुदतही तेवढी असू शकते. शिवाय हे आकडे नदीच्या नोंदवलेल्या पुरांवरून काढलेले असल्याने नव्या मोठ्या पुराची भर पडली की गणित बदलते आणि रेषा पात्रापासून दूर सरकवावी लागते. रेषेच्या आत गेलेल्या जमिनीचा भाव उतरतो, म्हणून अशी प्रत्येक फेरआखणी वादग्रस्त ठरते.

कोल्हापूर–सांगलीचा कृष्णाकाठ या साधनाची ताकद व मर्यादा दोन्ही दाखवितो. कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. घाटमाथ्यावर पडलेले पाणी अल्पावधीत सपाट मैदानात येते आणि पुढचा उतार अगदी मंद असल्याने तेथेच रेंगाळते. मुख्य नदी फुगलेली असली की उपनदीचे पाणी मागे तुंबते. या फुगवट्यामुळेच पाऊस थांबला तरी नृसिंहवाडीभोवतीच्या शिरोळ तालुक्यातील पाणी अनेक दिवस हटत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी, तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ त्या अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तर कोल्हापुरात ते ५५ फुटांवर पोहोचून शिरोलीजवळ पुणे–बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच महापूर आला.

नियमांतील कच्चा दुवा भरावाचा आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत नियंत्रित क्षेत्रातील इमारतीचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट आहे. एका इमारतीपुरती ती शहाणपणाची आहे; परंतु जोते उंच करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे मुरूम टाकून सगळा भूखंडच उचलणे. असे शंभर भूखंड भरले गेले की पाणी साठण्याची जागा तेवढी घटते आणि ते शेजारच्या सखल वस्तीत शिरते, म्हणजे नियम पाळूनच पूर दुसऱ्याच्या दारात ढकलला जातो. खांबांवर उभारलेल्या, खालून पाणी वाहू देणाऱ्या बांधकामात हा दोष बराच कमी असतो. महामार्ग व पुलांच्या जोडरस्त्यांचे भराव आणि त्यांतील मोऱ्यांची अपुरी संख्या यांनाही हाच न्याय लागू आहे.

म्हणून पूररेषेचा विचार एकेका नगरपालिकेच्या हद्दीत पुरा होत नाही. २०१७ मध्ये कोल्हापूरभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा ही गावे एकाच आराखड्यात पाहण्याची सोय झाली. तरीही पुनर्वसनाचा प्रश्न नकाशाने सुटत नाही. प्रयाग चिखली व आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे भूखंड मिळूनही पुष्कळ कुटुंबे मूळ गावठाणातच राहिली. उसाचे रान आणि जनावरांचा गोठा नदीकाठी असताना घर तेवढे माळावर नेणे त्यांना परवडणारे नव्हते. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करण्याचा सोहळा होतो आणि पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती उंचावर हलविली जाते. पाण्याला वाट देण्याची ही जुनी रीत नियोजनाच्या परिभाषेत कोठेच येत नाही.

नदीखोऱ्याची सीमा राज्याच्या सीमेशीही जुळत नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने कारणांची छाननी केली, तरी कर्नाटकातील कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयीचा वाद मिटलेला नाही. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या प्रस्तावाला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि ही वाढ झाल्यास सांगली–कोल्हापूरच्या पूररेषांचे गणितही नव्याने मांडावे लागेल.