कर्णाचं चाक आणि बारामतीचे पंत

कर्णवधाचं आख्यान लावलं की कर्ण पडायच्या आधीच मंडपातल्या बाया डोळ्यांना पदर लावतात. बारामती-इंदापूरच्या गावांतून मी वर्षानुवर्षं हे पाहते आहे. कीर्तनाचा उत्तररंग मी मोरोपंतांच्या आर्यांवरच उभा करते. आमच्या कऱ्हेकाठी रचलेल्या आर्या आहेत त्या.

मोरोपंत पराडकर जन्मले पन्हाळ्याला, १७२९ साली. बारामतीत त्यांना बाबूजी नाईकांचा आश्रय मिळाला. नाईक बडे सावकार, पेशव्यांचे सोयरे. त्यांच्या वाड्यात पुराण सांगता सांगता पंतांनी महाभारताची अठराही पर्वं मराठीत आणली. १७९४ साली ते गेले तेही बारामतीतच.

आपण आर्या म्हणतो, पण पंतांची बहुतेक रचना गीती वृत्तातली: १२ मात्रा, मग १८, पुन्हा १२, पुन्हा १८. बाराव्या मात्रेनंतर क्षणभर थांबता येतं. कर्णाच्या रथाचं चाक रुतल्यावर मी तिथेच थांबते. पुढच्या १८ मात्रांत काय येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी मागे बसलेली माणसं पुढे सरकतात.

चाक निघेपर्यंत बाण सोडू नकोस, धर्म पाळ, असं कर्ण अर्जुनाला विनवतो. त्यावर कृष्ण त्याला भर सभेतली द्रौपदी आणि एकटा गाठलेला अभिमन्यू यांची आठवण करून देतो आणि तेव्हा तुझा धर्म कुठे गेला होता, असं विचारतो. राधासुताला विचारलेल्या त्या प्रश्नाची पंतांची ओळ आज गावकीच्या भांडणातही कानावर येते. कर्णाकडे उत्तर नसतं. तो मान खाली घालतो.

‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली आली, पुढे ‘राधेय’ आली आणि कर्ण घराघरात लाडका झाला. मलाही तो प्रिय आहे. म्हणून कृष्णाचं बोलणं गाळा, असं कुणी सुचवतं तेव्हा मला वाईट वाटतं. कवचकुंडलं इंद्राने नेली, परशुरामांचा शाप भोवला, शल्याने ऐन रणात खच्ची केलं; एवढंच सांगितलं तर कर्ण नुसता दुर्दैवी ठरतो. सभेत द्रौपदीला उद्देशून काढलेले शब्द मात्र त्याचे स्वतःचे होते. ग्रीकांच्या एजॅक्सचंही असंच. अकिलीसचं चिलखत ओडिसियसला मिळालं, हा अपमान त्याला सोसवला नाही आणि शेवटी तो स्वतःच्या तलवारीवर कोसळला. पण देवीची मदत मला नको, असं त्याने गर्वाने आधीच सांगितलं होतं. सोफोक्लीझने ते नाटकात लपवलेलं नाही.

इंदापुरात मी मालोजीराजांचं नाव घेऊनच आख्यान सुरू करते. शिवरायांचे आजोबा या भूमीवर लढता लढता पडले. त्या मरणात मान खाली घालण्यासारखं काही नव्हतं. कर्णाचं पडणं अधिक जड आहे, कारण शेवटच्या घटकेला त्याला आपलं वागणं आठवतं.

वेळ कमी असला तर शल्याचे टोमणे मी दोन वाक्यांत उरकते, इंद्राचं मागणंही आवरतं घेते. कृष्णाचा प्रश्न मात्र पुरा गाते.